बदलीवाले भाऊसाहेब

भय्यासाहेबांनी मला भाषण करायला सांगितलं तेव्हा मी "नाही" म्हणालो होतो, अशी माझी अजूनही समजूत आहे. पण माझं "नाही" फार हळू निघतं आणि ते म्हणताना माझी मान वरखाली हलते, असं माझी बायको जयू म्हणते. मी सगळा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढला. तिथे हळू बोलण्याचाच पगार मिळतो. याचा परिणाम असा झाला आहे की, आजवर मी ज्या ज्या गोष्टींना नकार दिला, त्या सगळ्या मला कराव्या लागल्या.

त्या उन्हाळ्यात असे दोन नकार माझ्या अंगाशी आले. पहिला आमच्या चिन्मयचा. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला होता आणि दर रविवारी एसटीडीवरून देशाच्या प्रगतीची बातमी देत असे. एका रविवारी म्हणाला, "बाबा, आता उज्जैनमध्ये ठेवलंय काय? घर विका आणि इकडे या. मी मोठा फ्लॅट बघितलाय." मी म्हणालो, "बघू." त्याने ऐकलं, "बरं." पुढच्या रविवारी तो फ्लॅटच्या पडद्यांचा रंग विचारत होता. आमचं फ्रीगंजमधलं घर शेजारच्या पोरवालजींनी घ्यायचं ठरलं. मधली भिंत पाडायचं त्यांच्या मनात फार दिवसांपासून होतं. निर्जला एकादशीचा दिवस चांगला, त्या दिवशी ते बयाना, म्हणजे विसार, देणार होते. मी त्यांनाही "बघू"च म्हणालो होतो.

जयूला मी विचारलं नाही, हे खरं. पण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही. ती वाईची. लग्न होऊन इकडे येताना ती खांडव्यापर्यंत रडत होती. पुढे रडली नाही ती केवळ थकल्यामुळे. तेव्हापासून मला मनात वाटत आलं की, हिला एकदा परत नेऊन पोचवलं पाहिजे. म्हणून मोठ्या आनंदाने मी तिला सांगितलं, "एकादशीला बयाना. मग पुणे."

"अस्सं," ती म्हणाली आणि कैऱ्या फोडायला बसली.

त्या वर्षी तिने लोणच्याची मोठी बरणी भरली. मी म्हणालो, "अगं, पुण्याला जायचंय, वर्षाचं लोणचं कशाला?"

"कैऱ्या छान मिळाल्या," ती म्हणाली.

मी पुष्कळ वाचलेलं आहे, पण लोणच्यातून काही अर्थ निघतो असं माझ्या वाचनात कुठे आलेलं नव्हतं.

दुसरा नकार भय्यासाहेबांचा. भय्यासाहेब आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी होते. ते काय होते हे भय्यासाहेब दरवर्षी वेगळं सांगतात, पण दर वर्षी हुद्दा वाढतो. मंडळाचा वर्धापनदिन गंगा दशहऱ्याला, म्हणजे बयान्याच्या आदल्या दिवशी. ते म्हणाले, "श्रीपादराव, यंदा व्याख्यान तुमचं. विषय, 'स्थलांतर : माणसं आपल्याच देशात गाव का सोडतात?' तुम्ही स्वतःच आता चाललात, तेव्हा तुमच्यासारखा अधिकारी दुसरा कोण?"

"मला तर माहीत नाही हो, का सोडतात ते," मी म्हणालो.

"अभ्यास करा. फक्त एक ध्यानात ठेवा. आम्ही आलो नाही, आम्हाला आणवलं गेलं. पालखीतून."

मी अभ्यास केला. पुस्तकांत दुष्काळ होते, गिरण्या होत्या, रेल्वे होती. यांपैकी काहीच मला लागू होत नव्हतं. फ्रीगंजमध्ये दुष्काळ नाही. एक दिवसाआड का होईना, नळाला पाणी येतं. मग मी का चाललो होतो? चिन्मयने "बघू"चं "बरं" ऐकलं म्हणून. हे काही कुठल्या पुस्तकात नव्हतं. शेवटी वाटलं, लोकांनाच विचारावं. उज्जैनमध्ये निम्मी माणसं कुठून तरी आलेली आहेत. पण विचारणार कसं? मी रिक्षावाल्याला भाडं विचारायला नको म्हणून टॉवरपासून रामघाटापर्यंत पायी जाणारा माणूस.

माझी ही अडचण पोरवालजींनी भिंतीवरून ऐकली. त्यांचं शेव-मिठाईचं दुकान आहे, आणि शेवेइतकाच सल्लाही ते ताजा ठेवतात. म्हणाले, "भाऊसाहब, आप क्यों लोगों के पास जाओगे? लोगों को अपने पास बुलाओ. साँझ के पेपर में दो लाइन छपवा दो."

मी दोन ओळी लिहिल्या. माझ्या हिंदीचा मला थोडा अभिमान होता. लिहिलं, 'स्थलांतर के इच्छुक अथवा अनुभवी सज्जन अपना कारण लेकर सायं पाँच के बाद मिलें।' खाली नाव आणि पत्ता.

दुसऱ्या दिवशी छापून आलं ते असं : 'स्थानांतरण के इच्छुक सज्जन अपना कारण लेकर सायं पाँच के बाद मिलें। श्रीपाद टिल्लू, टावर के पीछे, फ्रीगंज।'

'अनुभवी' जागेअभावी गेले असणार, हे मी समजू शकलो. पण 'स्थलांतर'चं 'स्थानांतरण' पाहून मला शरम वाटली. इतकी वर्षं या प्रांतात काढून मी मराठी शब्दच हिंदी म्हणून दिला होता आणि कुणा मुद्रितशोधकाने तो निमूटपणे दुरुस्त केला होता. मी कोश काढून पाहिला. 'स्थानांतरण : एका स्थानाहून दुसऱ्या स्थानी जाणे.' अगदी बरोबर. मनातल्या मनात त्या मुद्रितशोधकाचे मी आभार मानले.

कोशात एक गोष्ट नव्हती. मध्य प्रदेशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की, स्थानांतरण म्हणजे सरकारी नोकराची बदली. दुसरा अर्थ नाही. बदल्यांवर वर्षभर सरकारी बंदी असते, त्या बंदीला 'प्रतिबंध' म्हणतात, आणि थोड्या दिवसांसाठी तो प्रतिबंध खुलतो तेव्हा सगळं राज्य उंबरठ्यावर येऊन उभं राहतं. तो त्याच आठवड्यात खुलला होता. माझ्या जाहिरातीच्याच अंकात पहिल्या पानावर ती बातमी होती. पण मी पहिलं पान सगळ्यांत शेवटी वाचतो. ग्रंथालयात पहिलं पान वाचक घेऊन बसलेले असत, त्यामुळे तशी सवयच लागली आहे.

(इथे माझ्या आडनावाबद्दल सांगितलं पाहिजे. टिल्लू हे चांगलं जुनं मराठी आडनाव आहे. पण इकडे नळाचं पाणी ओढणाऱ्या छोट्या मोटारीला टुल्लू पंप म्हणतात. त्यामुळे अनोळखी माणूस माझं नाव ऐकून प्रथम हसतो. जाहिरात वाचून आलेल्या लोकांपैकी कुणी हसलं नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.)

पाचच्या आधीच पहिले गृहस्थ आले. शाजापूरकडचे पटवारी, म्हणजे आपले तलाठी. चपला फाटकाबाहेर काढून, हात जोडून बसले. मला घाम फुटला. पण विषयाला सुरुवात तर करायला हवी.

"आपको... जाना क्यों है?"

"साब, माताजी अकेली हैं गाँव में."

"अच्छा. और जहाँ हैं, वहाँ क्या तकलीफ़ है?"

त्यांनी डोळे मिटले. "साब, पानी सूट नहीं करता."

इतक्या सरळपणे एखादा माणूस परक्याजवळ मन मोकळं करतो, याने मी भारावून गेलो. "अच्छा, अच्छा," म्हणत राहिलो. बोलताना माझी मान कशी हलते हे सांगितलंच आहे. पटवारी उठले, माझ्या पायांना शिवले आणि म्हणाले, "बस, अब आपके हाथ में है." मला वाटलं, भाषणाबद्दल बोलताहेत.

दुसऱ्या दिवशी चौघे आले, तिसऱ्या दिवशी ओसरी भरली. मास्तर, कंपाउंडर, वनरक्षक, सिंचाईवाले. सगळे आपापलं कारण घेऊन आलेले. कुणाची पत्नी दुसऱ्या जिल्ह्यात, कुणाचे वडील अंथरुणाला खिळलेले. पण एक कारण प्रत्येकाच्या तोंडी शेवटी येई, तेही खाली मान घालून : पानी सूट नहीं करता. हे ऐकताऐकता माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पुस्तकवाल्यांना दिसलंच नाही ते मला दिसलं होतं. माणूस गाव सोडतो तो पाण्यामुळे! गिरण्या, रेल्वे वगैरे वरवरचं. मी उठून तडक भय्यासाहेबांकडे गेलो आणि हा जलसिद्धांत त्यांना सांगितला.

ते म्हणाले, "आमच्या मूळपुरुषाला पोटाचा त्रास होताच."

सिद्धांताला ऐतिहासिक आधारही मिळाला. मी जन्मात पहिल्यांदा शिट्टी वाजवत घरी आलो.

घरात पेढ्यांचे खोके होते, आंब्यांच्या दोन पेट्या होत्या आणि दाराआड शरबती गव्हाचं एक पोतं उभं होतं. जयू त्याच्याकडे पाहत उभी होती.

"हे काय आहे?"

"माळव्याचं आतिथ्य," मी म्हणालो.

"आतिथ्य घरवाल्याने पाहुण्याचं करायचं असतं. इथे उलटं कसं चाललंय?"

"साधी माणसं आहेत गं. कुणी इतकं प्रेमाने ऐकून घेतलं नसेल त्यांचं."

"हो. तुम्ही ऐकून फार छान घेता," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात काहीतरी होतं, पण तेवढ्यात नळ आला आणि ती हंडे घेऊन धावली.

माझा जलसिद्धांत बुडवला तो दुर्गा मॅडमनी. त्या अलीराजपूरच्याही पुढे कुठल्याशा खेड्यात शिकवत होत्या. नवरा आणि लहान मुलगी इथे नानाखेड्याला. शनिवारी रात्रभर बस, रविवारी मुलीची वेणी घालायची, पुन्हा रात्रभर बस. हे सगळं त्यांनी न रडता सांगितलं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "वहाँ का पानी?"

"पानी तो बहुत अच्छा है सर," त्या म्हणाल्या. "आप बस ऑर्डर निकलवा दीजिए."

"कौनसा ऑर्डर?"

"ट्रान्सफर का."

मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. ओसरीवरची माणसं आत पाहू लागली. माझ्या डोक्यात पटवाऱ्याची आई, कंपाउंडरचे वडील, गव्हाचं पोतं असं सगळं एकदम गोल फिरू लागलं. मी उभा राहिलो. माझ्या मानाने मी ओरडलोच : "मैं कोई नहीं हूँ! मैं ग्रंथपाल था! मेरी कोई पहुँच नहीं है! मुझे तो भाषण करना है!"

एक वयस्कर मास्तर आदराने पुटपुटले, "देखा? असली आदमी कभी हाँ नहीं बोलता."

दुर्गा मॅडमही समजल्यासारखं हसल्या. "समझ गई सर. सबके सामने कैसे बोलेंगे." आणि डबा ठेवून निघून गेल्या. डब्यात बेसनाची चक्की, म्हणजे वडी होती, ती मला फार आवडते. पण त्या दिवशी घशाखाली उतरली नाही. म्हणजे एकच उतरली.

मी फाटकावर पाटी लावली : 'यहाँ स्थानांतरण का कार्य नहीं होता।' संध्याकाळपर्यंत गर्दी दुप्पट झाली. पोरवालजी भिंतीवरून म्हणाले, "भाऊसाहब, ये आपने बढ़िया किया. अब तो पूरे शहर को भरोसा हो गया."

"अहो, पण मी खरंच काही करत नाही!"

"वो तो मैं जानता हूँ ना. पड़ोसी हूँ." त्यांनी एक डोळा बारीक केला. "भोपाल में कौन है आपका? मुझे तो बता दो."

भोपाळमध्ये माझी एक आतेबहीण आहे, ती मधुमेहाने बेजार आहे. मी तसं सांगितलं. पोरवालजी गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी गावात बातमी होती की, भाऊसाहेबांच्या बहिणीचं भोपाळमध्ये फार वजन आहे. वजनाचं मी नाकारू शकत नव्हतो. पोरवालजींनी आमच्या ओट्याला लागून एक बाक टाकला, पाण्याचा माठ ठेवला आणि त्यालाच लागून शेव-कचोरीची परात मांडली.

मग एके सकाळी दाराशी सरकारी जीप थांबली. एका मोठ्या खात्याच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं होतं. खात्याचं नाव मी सांगणार नाही. मला अजून भीती वाटते. मी जयूला म्हणालो, "चिन्मयला कळव. बहुतेक अटकच होणार." तिने माझ्या खिशात रुमाल आणि खडीसाखर ठेवली. जीपमध्ये बसताना पाहिलं, तर बाकावरचे सगळे लोक उभे राहिले होते. एकाने तर सलाम ठोकला. फाशी जाणाऱ्या माणसाला हार घालावेत तसं मला वाटलं.

साहेब भल्यामोठ्या टेबलामागे बसले होते. त्यांनी मला उभंच ठेवलं. "टिल्लू आप ही हैं?"

"जी. पर मैं—"

"आपको पता है, इस संभाग में ट्रान्सफर कौन करता है?"

"जी नहीं."

"मैं करता हूँ!" त्यांनी टेबलावर हात आपटला. मग उठून दार लावलं, परत येताना खुर्ची ओढून माझ्याजवळच बसले आणि एकदम माझ्यासारख्या आवाजात बोलू लागले. "टिल्लू साहब, मुझे रीवा भिजवा दीजिए."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. चिन्मयची माझं बोलणं ऐकताना होते तशी.

"सबका करता हूँ, मेरा कोई नहीं करता," ते म्हणाले. "घर वहाँ है, बच्चे वहाँ हैं. यहाँ अकेला पड़ा हूँ. और सच बताऊँ?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पानी सूट नहीं करता."

मी खूप काकुळतीला येऊन त्यांना सगळा प्रकार सांगितला. मंडळ, भाषण, मुद्रितशोधक. ते मन लावून मान हलवत होते. मी म्हणालो, "लोग ग़लत समझकर आते हैं, साहब. मसलन वो अलीराजपुर के आगेवाली दुर्गा मॅडम. बेचारी की बच्ची यहाँ नानाखेड़ा में, और वो—"

"बस, बस," साहेबांनी हात वर केला. "इशारा समझ गया. हो जाएगा."

"नहीं, नहीं! मैं तो उदाहरण दे रहा था!"

"उदाहरण भी हो जाएगा, साहब. आप बस रीवा का ध्यान रखिए."

चार दिवसांनी दुर्गा मॅडम मुलीला घेऊन आल्या. ऑर्डर निघाली होती. मुलीच्या दोन घट्ट वेण्या होत्या आणि ती माझ्याकडे मोठ्या संशयाने पाहत होती. या सबंध प्रकरणात मला नीट ओळखलं ते तिनेच. मॅडम पाया पडल्या. मी जे केलं ते पुण्य की गुन्हा, याचा मी खूप विचार केला. अजून करतो. पाया पडून घेताना मात्र मी मागे सरकलो नाही, हेही लिहून ठेवतो.

गंगा दशहऱ्याला संध्याकाळी भाषण. एरवी आमच्या मंडळाच्या व्याख्यानाला खुर्च्या जास्त आणि माणसं कमी असतात. त्या दिवशी मंडळाचे सभासद बाहेर उभे होते, कारण आत सगळ्या खुर्च्यांवर पटवारी, मास्तर आणि कंपाउंडर बसले होते. पहिल्या रांगेत रीवावाले साहेब. भय्यासाहेबांना हे मराठी भाषेचं प्रेम वाटलं. त्यांनी प्रास्ताविकात पालखीचं सगळं वर्णन केलं. लोकांनी "पालखी"ला टाळ्या दिल्या. त्यांना वाटलं, सरकारी वाहनाचं काहीतरी चाललं आहे.

मी उभा राहिलो. माझा जलसिद्धांत तर वाहून गेला होता. लिहून आणलेलं काहीच आता खरं नव्हतं. समोर मराठी माणसं दारात आणि हिंदी माणसं खुर्चीत, म्हणून मी कुठल्या भाषेत बोलावं हेच मला सुचेना. शेवटी आमच्या उज्जैनच्या भाषेत बोललो, जी दोन्हीकडच्यांना थोडीथोडी खटकते.

"बंधू-भगिनींनो, माणसं गाव का सोडतात ते मी पुष्कळांना विचारलं. मला समजलं नाही. भय्यासाहेब म्हणतात, ते आले नाहीत, आणवले गेले. मला वाटतं, हेच खरं आहे. आमचा मूळपुरुष साताऱ्याकडे फडावर कारकून होता. घरात सांगतात, तो पराक्रम गाजवायला माळव्यात आला. आता मला तसं नाही वाटून राहिलं. मला वाटतं, त्याची बदली झाली. ऑर्डर निघाली, नि आला बिचारा. मग जन्मभर कुणाकुणाच्या ओसरीवर बसून म्हणाला असेल, माताजी अकेली हैं, पानी सूट नहीं करता. त्याला योग्य माणूस भेटला नाही. म्हणून मी आज इथे उभा आहे."

सभा हलली. शेवटच्या रांगेतून कुणीतरी गहिवरून ओरडलं, "तो क्या तब भी प्रतिबंध था?" साहेबांनी डोळे पुसले. भय्यासाहेबांनी मात्र घड्याळ दाखवलं. त्यांच्या मूळपुरुषाला मी रांगेत बसवलं, हे त्यांना फारसं आवडलं नसावं.

घरी परत येताना जयू माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. मला वाटलं, भाषण पडलं.

दुसऱ्या दिवशी एकादशी. पोरवालजी दहाला बयाना घेऊन येणार होते. मी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर माझ्या खुर्चीत बसलो. एकादशीमुळे बाकावर कुणी नव्हतं. फाटक वाजलं. पाहतो तर जयू. मागच्या दाराने बाहेर पडून पुढच्या फाटकाने आत येत होती. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पेढ्यांचा खोका. खोका आमच्याच घरातला, पटवाऱ्याने आणलेला. तिने चपला फाटकाबाहेर काढल्या आणि लोक बसत त्या खुर्चीच्या कडेवर टेकली.

"नमस्ते साहब," ती म्हणाली. "मेरा भी एक ट्रान्सफर का काम था."

"अगं, हे काय! पोरवालजी येतील आता."

"लाइन से आई हूँ. सुन लीजिए." ती हसत नव्हती. "लग्नापासून एकाच पोस्टिंगवर आहे. कामाबद्दल तक्रार कुणाची नाही. आता अचानक ऑर्डर निघालीय पुण्याची. कुणी विचारलं नाही, काही नाही."

सवयीने माझा प्रश्न गेलाच. "तो... आपको जाना कब है?"

"जाना नहीं है. निरस्त करवाना है."

"पण जयू, तू तर तिकडचीच! खांडव्यापर्यंत तू—"

"तेव्हा खांडव्यापर्यंत. या वेळी इथून निघताना रडायला लागले, तर कुठपर्यंत रडेन, काही अंदाज?"

मला अंदाज नव्हता. मी साध्या गोष्टींचेही अंदाज चुकवतो. पण एक आठवलं. मागच्या दिवाळीत पुण्याला गेलो होतो तेव्हा ती भाजीवालीला म्हणाली, "ताई, हरा धनिया द्या ना." भाजीवाली म्हणाली, "बाहेरच्या का तुम्ही? मराठी छान बोलता." वाईच्या मुलीला! जयू खूप हसली होती. घरी येऊन चिन्मयलाही तिने ते हसून सांगितलं. मीही हसलो होतो. ती दोन दिवस बाजारात गेली नाही, ते मला आत्ता आठवलं.

"कारण?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीपेक्षाही हळू निघाला. "अर्जात कारण लागतं."

तिने खाली पाहिलं, अगदी त्या पटवाऱ्यासारखं. "पानी सूट नहीं करेगा."

"पुण्याचं पाणी तर चोवीस तास..."

"तेच. मला एक दिवसाआडचं लागतं."

फाटकाशी पोरवालजी दिसले. खांद्यावर नवं उपरणं, कपाळाला चंदन. जयू उठली, पेढ्यांचा खोका माझ्यापुढे ठेवला आणि पुढच्या दाराने घरात गेली. पोरवालजी तिने सोडलेल्या खुर्चीतच बसले. "तो भाऊसाहब, शुभ मुहूरत है."

मी "नाही" म्हणालो.

त्यांनी ऐकलं, "हाँ जी," आणि खिशात हात घातला.

मग मी उभा राहिलो. मान दोन्ही हातांनी धरावी असं वाटत होतं. "पोरवालजी, नहीं हो पाएगा. प्रतिबंध लग गया है."

"कल तो खुला था!"

"आज सुबह लगा."

"किसने लगाया?"

"ऊपर से."

पोरवालजींचा हात खिशातच थांबला. ते माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. कुणी आपल्याकडे अशा नजरेने पाहावं असं मला तरुणपणी फार वाटे. "ऊपर से... मतलब भोपाल?"

आत भांडं वाजलं. "भोपाल के भी ऊपर से," मी म्हणालो.

पोरवालजींनी आवाज खाली आणला. "तो फिर बाक रहने दूँ? कचोरी अच्छी चल रही थी."

ते गेल्यावर मी चिन्मयला काय सांगायचं याचा विचार करत बसलो. रविवारी त्याचा फोन येणार. 'बघू' म्हणायचं नाही, एवढं मी ठरवलं. त्यापुढे काही सुचत नव्हतं. तेवढ्यात आतून हाक आली.

"अहो, ऐकलं का? मोकळे असाल तर जरा इकडे या. बरणी माळ्यावर चढवायची आहे. मला एकटीला नाही उचलत."

बरणी चांगलीच जड होती. वर्षभराचं लोणचं होतं त्यात. आम्ही दोघांनी मिळून ती वर ठेवली. स्टुलावरून उतरताना माझ्या मनात आलं, हे एवढं मोठं अर्जपत्र महिनाभर स्वयंपाकघरात माझ्यासमोर होतं. पण मग वाटलं, तसं नसेलही. कदाचित कैऱ्या खरंच छान मिळाल्या असतील. मी तिला विचारणार होतो.

बाहेर फाटक वाजलं. कुणीतरी चपला काढत होतं.